चार बोटं प्ले

बार्शी नाक्यावर, रज्जाक मिस्त्रीच्या शेडमध्ये
अडुसष्ट सालची पिकअप दगडांवर टेकवलेली.
पुढचे ड्रम निघाले, डिस्क बसल्या,
किंगपिन नव्या, टायरॉडची टोकं नवी;
जुनी, डालड्याच्या डब्यात खणखणली.

"स्टेअरिंगला चार बोटं प्ले, भाऊ!
अण्णा चालवत कसे हुते?"

अण्णा वळणाच्या आधीच वळायचे.
ब्रेक तीनदा पंप करायचे,
मग शिवी,
मग गाडी थांबायची.

आज मांजरसुंब्याच्या घाटात
सवयीनं हात अर्धा फेरा आधी फिरला
आणि गाडीनं ऐकलं की!
थेट सीताफळांच्या झाडीकडे.
दाबला ब्रेक. पहिल्याच दाबाला
जागच्या जागी उभी.

पाय तरी
आणखी दोनदा दाबत राहिला.
मग ओठावर शिवी आली,
अण्णांचीच.