तरंगती जमीन

दोकसू वरच्या मजल्यावर, मी खाली.
त्याच्या हातात अडीच किलोचा रबरी चेंडू,
माझ्या हातात माइक, आणि
ओकबुनबाईंनी सोलून दिलेली नासपतीची फोड.
भिंतीला कान असतात, इतपत ठाऊक होतं;
यांच्या छताला टाचा होत्या.

"पोराचं काही नाही हो," त्या म्हणाल्या,
"पोर धावतं, दमतं, झोपतं.
रात्री तीनला कुणीतरी चालतं.
टाच, टाच,
मग थांबतं.
त्या थांबण्यानेच झोप उडते माझी.
पुढची कधी पडेल, वाट बघत बसते."

वरचा पानसोक छंगजूच्या गोदामात, रात्रपाळीला.
जिन्यातच बूट काढतो,
आपल्याच घरात चोरासारखा शिरतो, चवड्यांवर.
मोज्यांवर मोजे घालून पाहिले,
गालिचा आणला, त्यावरून बायकोशी भांडला,
खाली दारात माफीची चिठ्ठी ठेवली, सफरचंदांच्या पेटीवर.
बाईंनी सफरचंदं ठेवून घेतली.
चिठ्ठी परत केली.

कागदावर सगळं चोख:
काँक्रीटची लादी, तिच्यावर मऊ थर,
थरावर कोबा, कोब्याच्या पोटात गरम पाण्याच्या नळ्या.
कोब्याने भिंतीला शिवायचं नाही,
सोवळ्यातल्या माणसासारखं अंग चोरून राहायचं,
चहूबाजूंनी बोटभर फोम.
जमीन तरंगली पाहिजे.

तरी आकडा उतरेना.
दुपारभर आम्ही गुडघ्यांवर रांगलो
भिंतीकडच्या पट्ट्या उपटत,
आणि झोपायच्या खोलीत, दारामागे, सापडलं:
कुणा घाईतल्या गवंड्याने फोम चार बोटं आखूड कापलेला,
फटीत सिमेंटचा ओघळ.
शेंगदाण्याएवढा.
एवढ्याशा दाण्यावरून एक माणूस
रोज रात्री, चवड्यांवर,
खालच्या बाईच्या उशाशी उतरत होता.

दोकसूने तो छिन्नीने उडवला, खिशात टाकला.
फट भरली.

मी पुन्हा खाली. फ्रिज बंद, पंखा बंद,
घड्याळ गादीखाली.
ओकबुनबाई पलंगावर, डोळे मिटून,
हात मांडीवर, निकालाला बसल्यासारख्या.
माझा फोन थरथरला. दोकसू.
"तीनदा टाकला."
माइकचा आकडा जेमतेम हललेला,
दूर कुठे गादीवर गादी पडावी तसा.
मी काही बोलणार,
तेवढ्यात बाई, डोळे न उघडता:

"टाकू दे की त्याला आधी."