शायब

दर तिसऱ्या गुरुवारी, पगार होवो न होवो,
तुळाजी मेस्त्री खोलीत उलट्या बादलीवर बसतात
आणि मी त्यांच्या डोक्याला काळं लावतो.
“लोक तोंडाला फासतात,” ते म्हणतात,
“आपण कपाळाच्या वरच थांबूया.”
जुना टूथब्रश, कान तुटलेला कप,
आणि एक टॉवेल, ज्यावर त्यांची चार वर्षांची तरुणाई
डागाडागाने नोंदलेली आहे.

सूरच्या या गोदीत अजून लाकडाची गलबतं होतात.
सागाच्या फळीवर मेस्त्री बोटाच्या पेराने ठकठक करतात,
आत गाठ कुठे आहे ते फळी त्यांना सांगते.
मॅनेजर मात्र मेस्त्रींना विचारतो :
वय?

पासपोर्टवर एक जून आहे.
देवगडच्या शाळेत त्यांच्या अख्ख्या वर्गाचा एकच वाढदिवस,
गुरुजींचा हात दुखत असावा.
आई म्हणायची, गावकरांचा मचवा बुडाला त्या साली झालास.
मचवा कोणत्या साली बुडाला
ते सांगणारं आता कोणी तरंगत नाही.

मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, पुरे झालं, या आता.
मागून सून विचारते, कुठच्या खोलीत?
(चार खोल्या बांधल्यात यांच्याच रंध्याने.)
हॉलमध्ये यांचा फोटो आहे, हार नाही,
पण खिळा जरा मोठाच ठोकलाय.

इथे म्हाताऱ्याला शायब म्हणतात,
म्हणजे केस पिकलेला.
शायब आला की पोरं उठून उभी राहतात,
फोनवरचं बोलणं अर्धं टाकतात.
म्हणून त्या दिवशी,
गलबताचा कणा बसला म्हणून मालकाच्या घरी बोलावलं,
तेव्हा मी बघतच राहिलो :
कहवा वाढणारा नातू वयाचा क्रम लावत गेला
आणि मेस्त्रींना ओलांडून पुढे सरकला,
पांढऱ्या दाढीच्या एका ड्रायव्हरकडे,
जो माझ्या माहितीप्रमाणे पंचावन्नचा.

मेस्त्रींनी अर्धा उचललेला हात
खजुराकडे वळवला, जणू तोच हवा होता.

मालकाचे वडील, हमदान, डोळ्यांत मोतीबिंदू,
त्यांना केस दिसतच नव्हते.
त्यांनी मेस्त्रींचा हात हातात घेतला,
अंगठा उलटसुलट करून पाहिला,
डाव्या तर्जनीचं नसलेलं पेर चाचपलं,
आणि नातवाला दोनच शब्द बोलले.
पोरगा कानापर्यंत लाल.
किटली परत आली.
मेस्त्री तीन फिंजान प्यायले,
मग इथल्या रीतीने कप हलवला, बस म्हणून.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही.
समुद्र डाव्या हाताला, काळोखात नुसता वास.

काल पुन्हा तिसरा गुरुवार.
मी पुडी फोडली, पाणी घातलं, कालवलं, बादली उलटी केली.
मेस्त्री दाराशी उभे, मुळांशी बोटभर पांढरं.
पुढच्या महिन्यात व्हिसाचे कागद जायचे आहेत,
हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत.
“रवांदे रे,” म्हणाले, “आज नको.”
आणि पटाशीला धार लावायला बाहेर गेले.

दगडावर लोखंड, बराच वेळ, एका लयीत.

कालवलेलं टिकत नाही, अर्ध्या तासात सुकतं.
बावीस बैसाचं का होईना, फुकट घालवायचं जिवावर येतं.
मी आरशासमोर गेलो,
उजव्या कानशिलाशी, मग डाव्या,
ब्रश फिरवून पाहिला.
पुरलं बरोबर.