तवे

इद्रीसभाई तबकडीला तवा म्हणतात.
"भिया, काला तवा आया है," एवढाच फोन,
आणि मी दुरुस्तीला आलेला मिक्सर उघडा टाकून,
शटर अर्धं ओढून
जेल रोडवरून अटाला बाजारात.
तिथं काट्यावर, पितळी नळांशेजारी,
कुणीतरी जिवापाड जपलेला आवाज
किलोनं.

पहिलं खोकं मात्र महूचं.
डोरीन व्हीलरबाई पर्थला लेकीकडे निघालेल्या,
अंगणात घर मांडून बसलेल्या:
मीटसेफ, छत्र्या, बापाची गार्डची शिट्टी,
आणि भावानं कधीकाळी शिकागोहून धाडलेल्या
अकरा तबकड्या.
म्हणाल्या, पिंजरा घेणार असशील तर खोकं देते.
रिकामा पिंजरा स्कूटरला बांधून
तेवीस किलोमीटर आलो.
राऊच्या फाटकात एक पोरगा ओरडला,
काका, पोपट उडाला!

इंग्रजी मला बिलापुरतं येतं.
लेबलं कसरीनं खाल्लेली,
काही नावं कुणी टाचणीनं खरवडलेली, का कोण जाणे.
म्हणून उधारीच्या वहीत मीच बारसं केलं:
खोकणारा. रेल्वेवाला.
दात नसलेला. भांडून आलेली बाई.
अकराव्याला नाव सुचलं नाही.

रिठ्याच्या पाण्यानं धुतो,
मलमलीनं टिपतो,
भांड्यांच्या जाळीत बशांच्या रांगेत उभ्या करतो.
सुनंदा म्हणते, यातल्याच एकीवर
एक दिवस पोहे वाढीन.
सुई घसरते म्हणून दांडीवर
एक पावली चिकटवली आहे.
बाजारातून बाद झालेलं नाणं
माझ्याकडे अजून चालतं.
तेवढ्या वजनानं
माणूस आपल्या ओळीत राहतो.

अकरावा ऐकू यायला मला तीन वर्षं लागली.
तो एक गोष्ट सांगतो.
गिटार नुसतं हं म्हणतं.
तीच गोष्ट पुन्हा सांगतो, जरा खालच्या पट्टीत,
पहिल्यांदा कुणी लक्ष दिलं नसेल असं धरून.
मग तिसरी ओळ.
ती उत्तर असते, पण सुटका नसते,
खुर्ची मागं सरकवून
उठल्यासारखी असते.

हे मी कुठंतरी ऐकलंय.
एका रात्री तो मधल्या ओळीवर असताना
लाइट गेली.
तबकडी दमत दमत फिरत राहिली,
आवाज जाड झाला,
म्हातारा झाला,
आणि अंधारात माझे वडील बोलले.

मिल बंद पडल्यावर बावीस वर्षं
परदेशीपुऱ्याच्या त्या दोन खोल्यांत
कोर्टातून आले की उंबऱ्यावर चपला काढत
ते सांगायचे:
तारीख पडली.
आई पाणी पुढं करायची.
तारीख पडली गं.
मग अर्धा पेला खाली ठेवून,
वकील बरा आहे. पुढच्या महिन्यात बघू म्हणाला.

मी तेव्हा बारावीत.
एकदा ओरडलो, एकदाच सांगा ना,
बहिरे नाही आहोत आम्ही.

त्यानंतर ते एकदाच सांगत.

लाइट आली तेव्हा तबकडीनं
अडखळत पुन्हा वेग घेतला,
आवाज तरुण होत होत
आपल्या मुलखात निघून गेला.
मी पावली नीट बसवली,
सुई मागं नेली,
मधली ओळ परत लावली,
पण ते आले नाहीत.
वहीत अकराव्यापुढची जागा
अजून कोरीच आहे.

पिंजऱ्यात आता सुयांची पाकिटं असतात.

काल इद्रीसभाईंचा फोन आला.
तवा आया है.
मी मुद्दामच काही बोललो नाही.
तवा आया है, भिया.
मग म्हणालो, हां,
निघतो.