काहीही अंतर्भूत असले तरी

मी बेलीफ. वेंगुर्ल्याच्या कोर्टात सत्तावीस वर्षं.
खाडीपल्याड समन्स घेऊन हिंडलो,
जिथं घरांना नंबर नसतात,
'फणसाखालचा', 'बावीकडचा' एवढाच पत्ता.
माझ्या अहवालात दोनच गोष्टी:
किती वाजता गेलो, आणि दारात कोण होतं.

आवडाबाई तारीचा दावा पाखाडीचा.
चिऱ्याची पाखाडी, तीन हात रुंद, थेट पुळणीत उतरणारी.
रापणीचा दोर तिथून जायचा,
बांगड्याच्या पाट्या तिथून वर यायच्या.
वर हॉटेल आलं, मग एका रात्रीत भिंत,
भिंतीवर काचा.

अकरा वर्षं तारखा.
मुकादम वकिलांची दाढी पांढरी झाली.
साक्षीदार इनास डिमेलो वारला,
साक्ष उरली, पान चाळीस, टाईप केलेली:
"माझ्या बापाशीक त्याच वाटेन न्हेलो."

निकाल लागला. भिंत काढा.
न्यायाधीश बाईंनी सही केली, पेनाला टोपण लावलं,
पुढचा पुकारा करायला सांगितलं.
इतकंच.

पावसाळी अधिवेशनानंतर राजपत्र आलं.
त्यात एक कलम:
कोणत्याही न्यायालयाच्या कोणत्याही न्यायनिर्णयात
काहीही अंतर्भूत असले तरी,
असा न्यायनिर्णय कधीही देण्यात आला नव्हता
असे मानण्यात येईल.

नव्हता?
मग त्या दुपारी मी पुकारलं कुणाला?
लाईट गेली होती, पंखा थांबला होता,
आवडाबाईनं ओच्यातून चष्मा काढला होता
आणि तो उलटा लावला होता.
हे सगळं कुठं ठेवू?

खरं सांगतो, आधी मला राग आला नाही.
मत मीच दिलं होतं. आवडाबाईनंही.
आमदार जत्रेला येतो, दहीकाल्याला पहाटेपर्यंत बसतो,
मयताला खांदा देतो.
बाईंना कुणी निवडलं? तीन वर्षांनी बदली,
सामानाचा टेम्पो, की पाटी कोरी.
मग मोठं कोण?

कँटीनमध्ये मुकादम म्हणाले, बशीत चहा ओतत:
"कायदा त्यांनीच करायचा. उद्या म्हणोत,
किनाऱ्याला कुणाचीच वाट नाही. त्या कायद्याशी आपण भांडू.
पण पाया तसाच ठेवून नुसता निकाल पुसायचा,
हे कायदा करणं नव्हे, बेलीफसाहेब.
हे वर येऊन बाईंच्या खुर्चीत बसणं."
आणि बशी तोंडाला लावली.

आवडाबाईला हे सांगायला गेलो, तर ती दोराची गाठ सोडवत होती.
मान वर न करता म्हणाली,
"रापण ओढली, वाटे झाले, लोक जेवन निजले.
आता कोण सांगता रापण टाकलीच नाय म्हणान?
फुडल्या रापणीचो नेम बदला, बदलूचो तर."

दोन वर्षांनी उच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं.
एकसष्ट पानं. मला समजली चारपाच.
एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली,
मग खोडली. सरकारी कागद तो.

काल हुकूम बजावायला गेलो.
मॅनेजरनं एसीत बसवलं, सरबत दिलं, मी घेतलं नाही.
साहेब दिल्लीला जाणार म्हणाला, अपील करणार.
जाऊ दे. तोही रस्ता कागदावर आहे,
त्यावर कुणी भिंत घातलेली नाही.

हुकूमाची प्रत भिंतीवर डकवली.
खारा वारा, खळ धरेना,
शेवटी आवडाबाईच्या नातवानं चार चिरे-खडे आणून
कोपरे दाबून धरले.
पंच म्हणून त्याच्या बापाची सही घेतली.
त्याचे हात ओले.

अहवाल लिहिला: वेळ चार वाजून दहा मिनिटं.
ओहोटी. भिंत जागेवर. वाट भिंतीखाली.
दारात कोण होतं, त्या रकान्यात
काय लिहावं कळेना.
सहीजवळ एक खवला चिकटला होता,
मी तो काढला नाही.