शेवटचं वाचन

जळगाव, डाळमिल, माघातली दुपार.
ज्यांना कुणीच विचारत नाही
ती टेबलं शोधतोय.
चाचणी_२. चाचणी_२_नवीन.
नको_पण_असू_द्या.
पुसली. हात थरथरला नाही.

मग आखाजी_उचल.
शेवटचं वाचन: नोंद नाही.
बनवणारा: लोटनआण्णा,
जो आता हार घालून
कॅशियरच्या डोक्यावर असतो.

नोंद नाही.
पण मोजणी सुरू होते मशीन उठल्यापासून,
आणि लाईट तर मंगळवारीच गेली होती.

पुसलं नाही. नावापुढे नुसता क्ष लावला
आणि थांबलो, कोण ओरडतं बघत.

होळी गेली. कुणीच नाही.
मग बेचाळीस अंशांत गोदामातून फोन:
"भाऊ, हमालस्नी उचल कोठे गयी?"

क्ष काढला.
वाचलं.