पान दोनशे सात

तिसऱ्या शनिवारी साडेपाचला, राजारामपुरीत,
मगदूम वहिनींच्या वरच्या खोलीत आम्ही नऊजण.
प्रती तीनच, महिनाभर हातोहात फिरलेल्या.
एकीवर पिठाचा अंगठा, एकीत गारगोटीचं एस.टी. तिकीट,
तिसरी माझ्याकडून आलेली, खाकी कव्हर घातलेली.

कादंबरीतला मुलगा अकरा वर्षांचा.
शेजारच्या लहानग्याला त्यानं खणीत ढकललं
आणि घरी येऊन भात मागितला.
पुढची तीनशे पानं त्या भाताबद्दल.

निवृत्त फौजदार हुजरे म्हणाले,
असली पोरं मी बघितल्यात ओ.
डोळ्यांत बघत नाहीत, कानशिलाकडं बघतात.
पुस्तकातल्या डॉक्टरीणबाई किती प्रश्न विचारतात,
आम्ही एकच विचारायचो.
कोणता, ते सांगितलं नाही.

वहिनी पोह्यांवर खोबरं पेरता पेरता थांबल्या,
पण आई कुठं होती? सगळ्या पुस्तकात आई कुठं होती?
रेहाना मुल्लाणी शाळेत शिकवतात, त्या उसळल्याच:
कामावर होती, वहिनी. पान एक्केचाळीस.
बाप कुठं होता ते विचारा की.
कोळेकर 'आघात' हा शब्द तीनदा म्हणाले
आणि तिन्ही वेळा आमच्याकडं बघून घेतलं,
पोचला का.

मग धनपाल उपाध्ये. उद्यमनगरात लेथ चालवतात,
नखांत कायम काळं. सहसा बोलत नाहीत.
म्हणाले, मेलेल्या पोराचं नाव कुणाला आठवतंय?

पंखा ऐकू आला.
खालच्या गल्लीत कुणीतरी बुलेट सुरू करत होतं,
होत नव्हती.
शेवटी रेहानांनी पानं चाळून काढलं: सोन्या.
एवढंच. शाळेतलं नाव लेखकानं दिलंच नाही.
पोह्यांची बशी उपाध्येंनी खाली ठेवली.

आणि पानं चाळतानाच त्या म्हणाल्या, हे काय?
दोनशे सातवर कुणीतरी पेन्सिलीनं रेघ मारून
मग खोडलीय. इतकी, की कागद झिजलाय,
पलीकडची अक्षरं दिसायला लागलीत.
वाचून दाखवलं त्यांनी:
'ढकलायच्या आधी मी त्याची चप्पल
बाजूला काढून ठेवली. भिजेल म्हणून.'

हुजरे म्हणाले, अशक्य. पोरं एवढा विचार करत नाहीत.
कोळेकर म्हणाले, उलट हेच तर.
मग माझी पाळी आली.
मी म्हणाले, भाषा चांगली आहे.

मामाचं गुऱ्हाळ होतं. मी नऊ, शालन सहा.
काहिलीत रस फुगून तांबूस झालेला,
गडी चिपाडं आणायला पलीकडं गेलेले.
सकाळपासून सगळे तिचंच कौतुक करत होते,
की तसं काही नव्हतंच, मी नंतर बसवलं ते,
आता सांगता येत नाही.
तिच्या हातातलं उसाचं कांडकं
मी आधी काढून घेतलं.
पडलं असतं, वाया गेलं असतं.

कोपरापासून खाली सगळा हात.
पाय घसरला, मी म्हणाले.
दवाखान्यात मामी तेच म्हणाली, मग सगळे,
मग शालनही.
अजून लग्नाकार्यात कुणी विचारलं
तर बाही खाली ओढत ती हसून सांगते,
माझा पाय घसरला आणि ताईनं ओढून काढलं.
ओढून काढलं, हेही खरंच आहे.

पुढच्या महिन्याला विनोदी काहीतरी घेऊया,
यावर सगळ्यांचं लगेच जमलं.
जिना उतरताना उपाध्ये माझ्या मागं होते.
काही बोलले नाहीत.
मी मात्र दोनदा वळून बघितलं.

रविवारी शालनचा फोन.
गुळाची ढेप पाठवलीय, खडे नाहीत यंदा.
काय वाचताय या महिन्यात?
एका पोराची गोष्ट, म्हटलं.
झाली की मला दे की, दुपारी वेळ जात नाही.
देते, म्हटलं.

टेबलावर आहे.
काल कव्हर बदललं.