डबल बेल

डिसेंबर. पहाटेचे सव्वापाच. धुळे.
छातीवर चार सेफ्टी पिनांनी ११४७.
बावीस वर्षं हा रस्ता मी उभ्यानं केला,
खांदा दांड्याला टेकून, बोटांत तिकिटं,
आणि तो खिडकीतून मागं मागं जायचा.
आज पायाखाली येतोय,
वीत वीत.

पांझरेच्या पुलावर धुकं.
कुणाचा तरी श्वास माझ्या श्वासाच्या जरा पुढं.
देवपुरात कानटोपीवाला म्हातारा
ओट्यावरून ओरडतो, "पय व माय, पय!"
हसू फुटतं, दम जातो,
हसू काही जात नाही.

सोळाव्या किलोमीटरला पोटरी रुसली.
म्हटलं, बाई, पुढं सरका,
आत खूप जागा आहे.
सरकली की!

अर्धं केळं, मिठाचं बोट.
उन्हाला आता रंग आला होता
आणि माझ्या सावलीला कंबर.

शेवटच्या वळणावर डेपोतला सुपडू मेकॅनिक,
ड्युटी टाकून आलेला,
पान्यानं डबा बडवतोय:
टण टण.
दोनदा.
त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको.

रेघ मागं पडली तरी पाय सुटलेलेच.
सुपडू, एक बेल दे रे आता.

नको.
राहू दे.